पेंटरची पाचर

लेकीला बाप पहिल्यांदा दिसला तो शाळेच्या फळ्यावर.

तसा तो घरात रोज दिसायचा. सकाळी पाठमोरा, ब्रश धुताना. दुपारी पत्र्यावर ओणवा. संध्याकाळी दाराशी बसून नखांतला रंग कोरताना. पण रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? त्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी खडूनं फळ्यावर एक ओळ लिहिली, ‘फेमस ऑफ स्टाइल’, आणि वर्गाला विचारलं, “ही ओळ कुठं वाचलीत?”

“सलूनच्या पाटीवर!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

“बरं. मग तिच्यात चूक काय आहे?”

आता मात्र सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. बाईंनी ‘ऑफ’वर फुली मारली आणि वर ‘फॉर’ लिहिलं. “फेमसबरोबर फॉर. ही जोडी आहे. बुटांची असते तशी. एका पायात आपला आणि दुसऱ्यात शेजाऱ्याचा घालून चालता येतं, नाही असं नाही, पण लोक बघतात. ज्या महाभागानं ती पाटी लिहिलीय ना, त्याला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवायला हवं.”

वर्ग हसला. पेंटरची लेकही हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. तिला सलूनची पाटी आठवली, आणि पाटीपेक्षा तिच्यावरचा एस आठवला. त्या एसची शेपटी खाली येऊन किंचित वर वळायची, झोपलेल्या मांजराची असते तशी. तसाच एस घरात साखरेच्या डब्यावर होता. मिठाच्या डब्यावर होता. तिच्या दप्तरावर तिच्या शाळेचं नाव होतं, त्यातही होता.

महाभाग घरीच होता तर.

शाळेतून आल्या आल्या ती थेट मागच्या पडवीत गेली. पेंटर चपलांच्या दुकानाचा फलक रंगवत होता.

“बाबा, सलूनच्या पाटीवर तुम्ही ऑफ का लिहिलंत?”

“दोनच अक्षरांची जागा होती.” पेंटरनं मान वर न करता उत्तर दिलं.

“पण तिथं फॉर येतं. बाई म्हणाल्या.”

“फॉरला तीन अक्षरं लागतात. बाईंना म्हणावं, बसवून दाखवा.”

लेक आज्ञाधारक होती. दुसऱ्या दिवशी भर वर्गात उभी राहून तिनं हा निरोप बाईंना शब्दशः दिला. वर पेंटरनं समजावून सांगितलेलं सगळं शास्त्रही सांगितलं. म्हणजे असं की, पाटीवरचे पहिला आणि शेवटचा हे दोन शब्द खरे. मधला बारका शब्द म्हणजे पाचर. सुतार दार बसवतो आणि चौकटीत फट उरली की फटीएवढी पाचर कापून ठोकतो, तशी. दोन अक्षरांची फट असेल तर ऑफ, तीन अक्षरांची असेल तर फॉर, आणि चांगली ऐसपैस असेल तर विथ.

बाईंना हसू आवरेना. त्या टेबलाला धरून हसल्या. वर्गाचं तर विचारूच नका. त्या दिवसापासून पोरीचं नाव ‘पाचर’ पडलं ते पडलंच.

पेंटरची बाजू मांडायची तर थोडं मागं जावं लागेल. तो शाळेत गेला तो अक्षरं शिकण्यापुरता. एबीसीडी संपली, आणि पुढं त्यांचे शब्द करायची वेळ आली तेव्हा त्याचं मन उडालं. त्याला अक्षरंच आवडायची. एकेकटी. ओ कसा पोटभर जेवून बसल्यासारखा, आय कसा शिक्षा झाल्यासारखा ताठ, आणि एस, तो तर त्याच्या जिवाचा. अक्षरांनी मिळून काय म्हटलं, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ते त्यांचं आपसांतलं.

काम शिकत असताना त्याच्या हातून पहिली मोठी पाटी झाली ती दाताच्या डॉक्टरची. उत्साहाच्या भरात डावीकडून सुरुवात केली. डी ऐटदार, ई ऐटदार, आणि शेवटापर्यंत येतो तो पत्रा संपला, टी उरला. तो टी त्यानं लाकडी चौकटीवर चढवला. डॉक्टर खाली उभे राहून म्हणाले, “पेंटर, तो दात पडायला आलाय का?” ते वाक्य गावभर झालं. उस्तादानं सगळ्यांसमोर त्याचा ब्रश काढून घेतला आणि सांगितलं, “आधी कडा सांभाळ. मधलं आपलं आपण बघून घेईल.”

तेव्हापासून पेंटर दोन्ही कडांकडून आत यायचा. डावा शब्द सरळ लिहायचा आणि उजवा शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा. उलटं लिहिताना त्याचा हात इतका सफाईनं चालायचा की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. आणि मग मधे उरेल तिथं पाचर. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याचं अक्षर चौकटीवर गेलं नव्हतं, आणि ह्याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता. गिऱ्हाईकही खूश होतं. गिऱ्हाईक येऊन दोन मोठे शब्द सांगायचं, “फेमस हवं आणि स्टाइल हवं, मधलं तुम्ही बघा.” पेंटर बघायचा.

असा सगळा बाजार पेंटरनं बघितलेला होता. शिंपी ‘फेमस विथ सूट्स’ होता. घड्याळवाला ‘फेमस ॲट वॉचेस’ होता. चष्मेवाला ‘गुड विथ आइज’ होता, कारण दोन्ही शब्द आखूड आणि पत्रा लांबलचक. एकट्या सायकलच्या दुकानाचं ‘फेमस फॉर’ बरोबर होतं, पण त्यात पेंटरचं कर्तृत्व काही नव्हतं. जागाच तेवढी उरली होती.

पाचर म्हणून चिडवून घेतलेल्या पोरी पुढं दोन प्रकारच्या होतात. एक तर त्या इंग्रजीकडं पाठ फिरवतात, नाहीतर इंग्रजीच्या हात धुवून मागं लागतात. ही दुसऱ्या प्रकारची निघाली. कुठल्या शब्दाला कुठली पाचर, हे तिनं असं पाठ केलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगावं. अफ्रेडला ऑफ, अँग्रीला विथ, मॅरिडला टू. शेजारची वहिनी एकदा कौतुकानं म्हणाली, “माझी नणंद इंग्रजीत फार गुड आहे हो, गुड इन इंग्लिश,” तर हिच्या तोंडून आपोआप “ॲट” निघालं, आणि वहिनी आठवडाभर बोलली नाही.

कॉलेज झालं, दुसऱ्यांच्या क्लासांत राबून झालं, आणि शेवटी लेकीनं स्वतःचा क्लास काढायचं ठरवलं. चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. बाकं आणली. क्लासला नाव दिलं ‘गुड ॲट इंग्लिश’. सगळं गाव जिथं इन म्हणतं तिथं हिनं मुद्दाम ॲट ठेवलं. तशी पत्रकं छापून घेतली आणि घरोघर वाटलीसुद्धा.

आता राहिली पाटी.

चष्मेवाला मिश्कील माणूस. स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुसऱ्यांचे पुसत बसायचा. लेक जिना चढायला लागली की त्याला कंठ फुटायचा.

“काय पाचरबाई, पाटी कोण लिहिणार? घरचेच पेंटर ना?”

“बघू काका.”

“बघू काय? छान लिहितात. मी बघा ना, इतकी वर्षं डोळ्यांसकट गुड आहे.”

म्हणजे त्याला ठाऊक होतं! कुणीतरी येऊन त्याला त्याच्याच पाटीचा अर्थ सांगितला होता, आणि त्याला तो इतका आवडला होता की पाटी बदलायचं त्यानं मनातही आणलं नव्हतं. पण चष्मेवाल्याचं ठीक होतं. तो चष्मे विकत होता. इंग्रजीच्या क्लासच्या पाटीवरच चुकीची पाचर लागली, तर आपल्या पोराला त्या जिन्यावर पाठवणार कोण? पत्रकात एक आणि पाटीवर दुसरंच? पहिल्याच दिवशी हसं झालं असतं आणि क्लास बसला असता.

आणि पाटी दुसऱ्याकडून करून घ्यावी, तर पेंटरच्या सख्ख्या लेकीनं पाटीसाठी दुसरीकडं जावं, ह्यापेक्षा पेंटरच्या तोंडाला काळं फासलेलं बरं.

लेकीनं आधी आडून आडून बघितलं. “बाबा, मी म्हणत होते, पाटी लागेलच असं नाही. पत्रकं वाटलीत ना.”

“बिनपाटीचा क्लास?” पेंटर म्हणाला. “म्हणजे काय, चोरून शिकवणार आहेस?”

“मग साधी करू. नुसतं इंग्लिश क्लास.”

“आणि मधे पाचर?”

“नको पाचर.”

“मग दोन शब्द एकमेकांवर आदळतील की. भांडणारी माणसं शेजारी बसवल्यासारखी. तू नको काळजी करूस. पत्रा मी कधीचा आणून ठेवलाय.”

त्यानं कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं. पत्रा खरोखरच उत्तम होता. जाड, एकही पोचा नसलेला, पांढरा हात दिलेला, घासून गुळगुळीत केलेला. सागवानी चौकट होती, तिचे सांधे कुठं आहेत हे शोधावं लागत होतं. “तू शाळेतून पास होऊन बाहेर पडलीस ना, तेव्हा आणला,” तो म्हणाला. “म्हटलं, ही पोर कसली तरी पाटी लावणारच.”

लेक स्वयंपाकघरात आईकडं गेली. आई मटार सोलत बसली होती.

“आई, तूच सांग ना त्यांना.”

“मी?” आईनं एक शेंग फोडली. “लग्नानंतर मी एकदाच म्हणाले होते, की त्या बेकरीच्या पाटीवरचा बी जरा जाड झालाय. तीन दिवस मला ‘अहो’ म्हणत होते. बायकोला कुणी ‘अहो’ म्हणतं का? मला तर घरात पाहुणे आल्यासारखं वाटत होतं. तुझा बाप आहे, तूच बघ.”

“इकडं आड…” म्हणता म्हणता लेक थांबली आणि मुकाट्यानं मटार सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं करू नये ते केलं. चौकापलीकडं एक नवं छपाईचं दुकान निघालं होतं. तिथं यंत्रावर पाटी निघायची, चहा येईपर्यंत तयार. ती आत गेली, भाव विचारला, आणि दुकानदारानं ‘काय लिहायचं?’ म्हणताच ती दाराकडं वळली. “नंतर येते,” म्हणून ती बाहेर पडली. ती काही म्हणजे काही करून आली नव्हती. पण बाहेर पडताना समोरून कोण यावं? कपाळावर चष्मा.

“अरे वा पाचरबाई! माहेर बदललं वाटतं?”

चष्मेवाला दुष्ट नव्हता, पण त्याच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. लेक घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

पेंटर रागावला असता तर बरं झालं असतं. काम करताना शीळ घालायची त्याची सवय होती, ती शीळ तेवढी बंद झाली. आणि पत्र्यावर पुन्हा गोणपाट पडलं. जेवताना तो लेकीला म्हणाला, “मीठ द्या जरा.”

द्या! लेकीनं आईकडं बघितलं. आईनं ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ अशी मान हलवली.

मिठाचा डबा लेकीच्या हातात होता आणि डब्यावरचा एस शेपटी वळवून तिच्याकडं बघत होता. जेवण झाल्यावर ती मागच्या पडवीत गेली. पेंटर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून बसला होता. सगळे ब्रश आधीच स्वच्छ होते.

“बाबा, मी तिथून पाटी केली नाही.”

“करा की. यंत्राची चांगली असते म्हणतात. हात कापत नाही त्याचा.”

“तुम्ही मला तुम्ही म्हणू नका हो!” लेक रडकुंडीला आली. “मला तुमच्याच हातची पाटी हवीय. अक्षरं तुमच्यासारखी कुणाची नाहीत. पण बाबा, पाचर जागेप्रमाणे नाही येत.”

“मग कशी येते?”

“ती आधीच्या शब्दाची असते. ठरलेली. फेमसची फॉर. गुडची ॲट. दुसरी ठोकली की इंग्रजी येणारी माणसं हसतात.”

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, “सलूनच्या पाटीला हसतात?”

“हसतात.”

“शिंप्याच्या?”

“हो.”

“घड्याळवाल्याच्या?”

“बाबा, सायकलवाला सोडून सगळ्यांच्या.”

“आणि सलूनवाला स्वतः? तोही हसतो?”

“त्याला कुठं येतंय इंग्रजी हसण्याइतकं?”

पेंटरच्या मिशीचं टोक हललं. ते बघून लेकीच्या जिवात जीव आला.

“मग इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?” तो म्हणाला. “तू तर लहानपणीच आली होतीस विचारायला.”

“आणि तुम्ही बाईंना निरोप पाठवलात.”

“हो, पाठवला होता खरा.” आता मात्र तो हसला. “बरं, मला सांग, गुडला ॲटच का? इन घातलं तर? आय बारीक असतो. दीड अक्षराच्या जागेत इन बसतो. दिसतोही सुबक.”

“नाही. ॲट.”

“ऑफ?”

“बाबा!”

“विचारलं आपलं. गिऱ्हाइकाला दोन पर्याय द्यावेत.” तो उठला, गोणपाट ओढून काढलं आणि पत्र्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “म्हणजे, चुकायला नको ते काय? तर पाचर. मग जे चुकायला नको ते आधी. बरोबर?”

“बरोबर.”

“मग उद्या सकाळी पाचर आधी.”

सकाळी त्यानं खडू लावलेली दोरी पत्र्याच्या मधोमध धरली आणि टिचकी मारली. पांढऱ्या पत्र्यावर निळी रेघ उमटली. पेंटर आयुष्यात पहिल्यांदा मध्यापासून सुरुवात करत होता, आणि नवी नवरी उंबरठ्यावर थबकावी तसा तो ब्रश हातात घेऊन थबकला. लेक स्टुलावर बसून राहिली. तिनं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. रेघेच्या डावीकडं ए, उजवीकडं टी. ए असा, की डोंगर उभा केलाय. टी असा, की त्याच्याखाली दोन माणसं पावसात उभी राहतील. रंग सोनेरी, आणि कड काळ्या रंगाची. जन्मभर फटीत दबलेल्या शब्दाला पेंटरनं एकदम सिंहासनावर बसवलं.

“हेच ना? दुसरं काही नाही ना?”

“हेच. ॲट.”

“एकदा परत वाच.”

“ॲट, बाबा. ॲट, ॲट, ॲट!”

आता काळजी मिटली असं समजून लेक क्लासच्या खोलीत बाकं लावायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी क्लासचं उद्घाटन होतं. बाकं लावून, फळा पुसून, जिना झाडून ती परत आली तेव्हा आई पडवीच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती. रडतेय का हसतेय, कळायला मार्ग नव्हता. पेंटर पत्र्यासमोर जमिनीवर बसला होता. कपाळाला हात, आणि हाताला सोनेरी रंग, त्यामुळं कपाळही सोनेरी.

लेकीनं पाटी बघितली.

डावीकडं गुड. चार अक्षरं, मोकळी, ऐसपैस, शेजारी खुर्ची टाकून बसता येईल अशी. मधे ॲट. आणि उजवीकडं तेवढ्याच जागेत लिहायला घेतलेलं इंग्लिश. त्याची अक्षरं सात. ई, एन, जी रुबाबात निघाले होते. पुढं एल आणि आय पोट आत घेऊन उभे होते. एसची लाडकी शेपटी आक्रसली होती. आणि एच? एचचा एक पाय पत्र्यावर होता आणि दुसरा सागवानी चौकटीवर.

“मी शब्द कधी मोजलेच नव्हते गं,” पेंटर म्हणाला. “कडांकडून आलं की मोजावे लागत नाहीत. इतकी वर्षं कडा सांभाळल्या, आणि नेमक्या तुझ्याच पाटीवर… तो दाताचा डॉक्टर असता तर पुन्हा तेच म्हणाला असता.” मग घाईनं उठला. “पुसतो मी. सगळं खरवडतो.”

“उद्या उद्घाटन आहे. वाळणार कधी?”

“मग एचला झाकतो. वर फुलांची माळ सोडू.”

“बाबा, हात नका लावू.” लेक पाटीच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. “पाचर बरोबर आहे ना?”

“ती बरोबर आहे.”

“मग झालं तर. आता तुम्ही पहिल्या बाकावर बसायला मोकळे.”

आईनं पदर काढला. ती हसतच होती.

दुसऱ्या दिवशी पाटी जिन्याच्या तोंडाशी चढली. गावाला बघायला वेळ होताच. चष्मेवाला पहिल्यांदाच कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून उभा राहिला. “पाचरबाई, तुमचा एच पळून चाललाय. क्लास सुरू व्हायच्या आधीच विद्यार्थी पळायला लागले?”

“काका, पळाला तरी एक पाय क्लासातच आहे,” लेक म्हणाली.

लोक हसायला थांबले, आणि थांबल्यावर त्यांना तो सोन्याचा ॲट दिसला. मधला एवढासा शब्द एवढा मोठा का, हे कुणीतरी विचारलंच. लेक जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि तिथंच तिचा पहिला तास झाला. गुडबरोबर ॲट. जोडी आहे. बुटांची असते तशी. शिंपी पुढं येऊन म्हणाला, “आमच्या पाटीवर विथ आहे. ते काय म्हणायचं?” लेकीनं सांगितलं. शिंपी विचारात पडला. “म्हणजे मी सुटांबरोबर हिंडतोय?” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या दोन्ही मुली क्लासात पाठवल्या.

शाळेतल्या त्या इंग्रजीच्या बाईही आल्या. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, हातात काठी आली होती. त्यांनी पाटी डावीकडून उजवीकडं वाचली, जशी पेपर तपासताना वाचायच्या. पेंटर विजेच्या खांबाआड उभा होता. बाईंना तो दिसला.

“मधला शब्द बरोबर आहे,” त्या खांबाकडं बघून म्हणाल्या. “एस अजून तसाच काढता, दाटीतसुद्धा. अक्षर चौकटीवर गेल्याचा अर्धा मार्क कापते.”

“कापा बाई,” पेंटर खांबाआडून म्हणाला. “अर्धाच ना?”

क्लास चालला. ‘पळत्या एचचा क्लास’ म्हटलं की रिक्षावालेसुद्धा बरोबर आणून सोडायला लागले. बाकं कमी पडली तेव्हा चष्मेवाल्यानं दुकानातलं बाकडं वर पाठवलं आणि भाडं तेवढं वाढवायचं म्हणत राहिला. वाढवलं नाही.

पेंटरला मात्र चैन पडेना. एक दिवस त्यानं रंगाचा लहान डबा आणि शिडी घेतली आणि बाजारात निघाला. सगळ्यांच्या पाचरा फुकट बदलून देणार होता. पहिलं गाठलं सलून.

“ऑफ काढून फॉर करतो,” तो म्हणाला.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावत होता. तो थांबला. “का? माझं काय चुकलं?”

“तुझं नाही, माझं चुकलं.”

“पेंटर, धंद्याला लागल्यापासून मी ऑफ आहे. आता फॉर झालो, तर लोक म्हणतील, ह्यानं दुकान विकलं.” आणि साबण लावलेलं गिऱ्हाईकही मान डोलावून म्हणालं, “ऑफच बरं वाटतं.”

घड्याळवाल्यानं तेच सांगितलं. चष्मेवाल्यानं तर शिडीच धरून ठेवली. “माझ्या विथला हात लावलात तर वरचा जिना बंद करीन,” म्हणाला. “गिऱ्हाईक पाटीला हसत आत येतं. हसत आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.” शेवटी एकट्या शिंप्यानं बदलू दिलं. पण विथच्या जागेत फॉर घातल्यावर एका अक्षराची जागा मोकळी राहिली. पेंटरनं तिथं एक बारीकशी कात्री काढून दिली. शिंप्याला ती इतकी आवडली की शेजारच्या बटणवाल्यानंही, त्याच्या पाटीवर पाचर नसताना, एक बटण काढून मागितलं.

लेक आता दर नव्या तुकडीला बाजारातून फिरवून आणते. पोरं वह्या घेऊन पाट्या वाचतात आणि पाचरा हुडकतात. सलूनवाला त्यांना बघून दारात येतो आणि स्वतःच विचारतो, “सांगा, मी काय आहे?” पोरं ओरडतात, “ऑफ!” तो खूश होऊन आत जातो. पेंटर कधी कधी तुकडीच्या मागं मागं चालतो. कुणी बघितलंच, तर खिळे आणायला निघाल्यासारखं करतो.

पाट्यांचं काम तो अजून करतो, आणि पुन्हा दोन्ही कडांकडूनच आत येतो. त्यानंतर त्याचं एकही अक्षर चौकटीवर गेलेलं नाही. फरक एवढाच पडलाय, की गिऱ्हाइकानं ‘मधलं तुम्ही बघा’ म्हटलं की तो रंगाचा डबा उघडत नाही. आधी चष्मेवाल्याच्या जिन्यानं वर जातो, तास संपेपर्यंत पहिल्या बाकावर बसतो, लेकीला विचारतो आणि खाली येतो. जिना उंच आहे आणि गुडघे दुखतात, तरी हल्ली तो एका वेळी एकच पाटी घेतो; म्हणजे दर पाटीला एकदा वर जाता येतं.